प्लग उपटणारे उत्तमभाऊ

मी तीन तास खपून कॉलेजातले सगळे संगणक एकमेकांना जोडणारा नवा नेटवर्क स्विच लावला आणि उत्तमभाऊंनी येऊन त्याचा प्लग उपटला. ही आमची पहिली भेट. अनसिंगजवळच्या त्या कॉलेजात मी संगणक सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. उत्तमभाऊ तिथले जुने शिपाई, दहावी नापास.

प्लग परत लावला तर स्विच कोरा. मी दिलेलं नाव नाही, पासवर्ड नाही, पत्ता नाही. लॅपटॉपवर पुन्हा पहिलाच प्रश्न. सगळं भरलं होतं, पण ते कायमचं साठवायची शेवटची आज्ञा मी दिलीच नव्हती.

"गावातली लाइट तुले विचारून जाते काय?" ते म्हणाले. "डिग्री इंजिनेराची अन् काम पाटीवर पाण्यानं लिहिल्यावानी."

मग खिशातून वही काढून त्यांनी माझ्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं, शेवटच्या आज्ञेसकट. वहीत होत्या अकोल्याहून येणाऱ्या तंत्रज्ञांना चहा देताना, त्यांच्या खांद्यावरून पाहून देवनागरीत उतरवलेल्या इंग्रजी आज्ञा. त्या तंत्रज्ञांबद्दलही त्यांना आदर नव्हता. काम पाच मिनिटांचं आणि नाश्ता तासभर, असं ते सांगत.

दोन दिवसांनी ऑनलाइन परीक्षा केंद्रासाठी तपासणी होती. केंद्र मिळालं नाही तर परीक्षेला अकोल्याला जावं लागणार होतं, आणि निम्म्या मुलींना घरचे तेवढ्या लांब पाठवणार नव्हते. प्राचार्यांना मात्र काळजी स्विचच्या पूजेची. त्यांनी हार घातला, नारळ फोडला आणि बोटभर कुंकू थेट तारा खोचायच्या छिद्रांवर लावलं. ते गेल्यावर उत्तमभाऊ दाढीच्या ब्रशनं एकेक छिद्र झाडत बसले. "कुंकू लावून नेट नांदाले येत असतं, तं तुले कायले ठेवलं असतं बे?"

तपासणीच्या दिवशी लाइट गेली, आली, आणि सगळे संगणक आपोआप जोडले गेले. तपासनीस खूश झाले. यंत्रणा कोणी बसवली, असं त्यांनी विचारलं. नियमानं माणूस अभियंता हवा. प्राचार्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले उत्तमभाऊ बोलले, "यायनंच बसवला साहेब. मी झाडू मारतो इथं."

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्या स्विचपेक्षाही कोरा असावा.

"खरं बोलाची लय खाज सुटली होती काय? केंद्र गेलं असतं तं पोरीइले काय तुही डिग्री नेऊन बसवणार होती अकोल्याले?"

केंद्र मिळालं. मुलींनी गावातच परीक्षा दिली. त्यातली एक आता मालेगावला तलाठी आहे.

उत्तमभाऊ निवृत्त झाले तेव्हा प्राचार्य त्यांच्या चहावर दहा मिनिटं बोलले. स्विचचा उल्लेख नव्हता. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. केंद्राच्या मान्यतेच्या कागदावर यंत्रणा बसवणारा म्हणून माझंच नाव आहे. दर वर्षी तो कागद नव्यानं येतो आणि मी सही करतो.