सुकेळी नासतात की नाही

पदवी मिळाल्यावर मला विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करणाऱ्या एका एजंटाकडे नोकरी लागली. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. माझ्या कामाचं स्वरूप वडील लोकांना एका वाक्यात सांगत, "पोरगा विमानाचं बघतो." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. त्यांनी वाडीत राबून मला शिकवलं होतं. तेवढा अधिकार त्यांना होता.

वाडी विरारजवळ, केळीची. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत गच्च बांधायची, की सुकेळी तयार. ऐंशीनंतरच्या एका वर्षी आखातातल्या दुकानदाराने ती नाताळासाठी मागवली. तिकडे वसईची बरीच मुलं नोकरीला होती. वडिलांचा माल पहिल्यांदाच समुद्रापलीकडे जाणार होता. दुकानदाराने बजावलं होतं की नाताळ उलटल्यावर आलेला माल तो घेणार नाही, आणि त्याआधीचं शेवटचं विमान आम्ही माल तपासणीला नेला त्याच संध्याकाळी होतं.

कस्टमच्या तपासणीला दोन रांगा असत. साध्या मालाला आठवडाही लागे. नाशवंत माल त्याच दिवशी सुटे. मी खोकी नाशवंत मालाच्या रांगेत लावली. त्यात खोटं काही नव्हतं. दमट गोदामात पडून राहिली तर सुकेळ्यांना बुरशी धरते.

वडील टेम्पोतून खोक्यांबरोबर आले होते. परक्या ड्रायव्हरच्या हाती माल सोडणं त्यांना पटत नव्हतं.

तपासणीचे साहेब घाटावरचे. त्यांनी एक पुडा सोडला, आतला तपकिरी तुकडा नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

"केळं, साहेब," मी म्हणालो.

"केळं मी पाहिलंय."

"वाळवलेलं आहे."

"मग नाशवंत कसं?"

मी बुरशीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वडील पुढे झाले.

"नासंल कसं, साहेब? आमचा माल हाय. सहा महिने ठेवा, काय होनार नाय."

साहेबांनी शिक्का परत पेटीत ठेवला. "मग साध्या रांगेत जा."

मी वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, नासतात म्हणा."

"कोनाची?"

"आपली."

"तुला यासाठी शिकवला?"

आमच्या मागे पापलेटांच्या पेट्या घेऊन एक दलाल उभा होता. पेट्यांतून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "काका, म्हणून टाका की. माझा बर्फ चाललाय."

"तुमची मासळी नासते, तुम्ही म्हना."

"मी कधीचा म्हणतोय! मला पुढे कोण सोडतंय?"

साहेब हे सगळं शांतपणे ऐकत होते. हातातला तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मग वडिलांना म्हणाले, "काका, मला लिहावं लागतं. पावसाळ्यात, उघड्यावर, ओल लागली तर? तुमच्या तोंडून हो की नाही, एवढंच सांगा."

वडिलांनी खोक्यांकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे. घरातला कोणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "नासतात."

शिक्का बसला. शाई वाळायच्या आत वडिलांनी पुस्ती जोडली, "पन आमची नाय."

साहेबांचं तोंड अजून भरलेलं होतं. त्यांनी हातानेच पुढच्याला बोलावलं. पापलेटवाल्याने आम्हाला जवळजवळ ढकललंच.

खोकी त्या संध्याकाळी गेली.  परतीच्या वाटेवर टेम्पोत, घोडबंदर मागे पडल्यावर वडील म्हणाले, "त्या दुकानदाराला पत्र टाक."

"माल निघाला म्हणून?"

"ते त्याला कळंल. मी तिथं बोललो ते फक्त विमानासाठी, असं लिही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या टाइपरायटरवर, शुद्ध इंग्रजीत, मी तसं लिहून पाठवलं.