भित्र्या बाईंचं उडतं नाटक

आमच्या शाळेतल्या पेटीवाल्या बाई इतक्या भित्र्या, की मिरजगावात हायवे ओलांडताना अनोळखी माणसाचाही हात धरायच्या. कुत्रं, वीज, शाळेत तपासणीला आलेले साहेब, सगळ्यांचीच धास्ती. अशा बाईंनी निवृत्तीनंतर गावच्या यात्रेसाठी सुपरहिरोचं संगीत नाटक लिहावं, म्हणजे कमालच! गावाला संकटातून सोडवणारी, गात गात उडणारी बाई. आम्हा शिक्षकांत मी सगळ्यांत हलकी, म्हणून उडायचं माझ्यावर आलं.

"ह्ये बघाया काळं कुत्रं तरी फिरकंल का?" यात्रा कमिटीवाले हसले. उडणारे हिरो पोरांच्या मोबाईलमध्ये होतेच. कमिटीला ऑर्केस्ट्रा हवा होता. शेवटी ठरलं, माणसं उठायला लागली की नाटकाचा पडदा पाडायचा आणि ऑर्केस्ट्रा सुरू करायचा. तेव्हापासून बाईंचं जेवणावरची वासना उडाली. तालमीत पेटी वाजवता वाजवता मधेच थांबायच्या. "पोरी, लई भ्या वाटतंय," म्हणायच्या आणि वर मलाच सुनावायच्या, "तू पन भी. भ्याल्याबिगर सूर लागत न्हाई."

प्रयोगाला मैदान भरलं, पण दुसऱ्याच गाण्याला मागची माणसं कपडे झटकत उठू लागली. ऑर्केस्ट्रावाले विंगेत येऊन उभे राहिले. घाईघाईने मला दोरावर वर ओढलं आणि मंडपवाल्याची कप्पी अडकली. मी अधांतरी. खाली बघितलं आणि दोर गच्च धरला. गाणं साफ विसरले. किंचाळले ते एवढंच, "बाई, मला खाली घ्या हो!"

 संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात माझ्या किंकाळीच्याच पट्टीत पेटी वाजली आणि बाई कापऱ्या आवाजात गायल्या, "मी खाली हाय, पोरी, मी खाली हाय." मी ओरडायची, त्या गाऊन उत्तर द्यायच्या. उठलेली माणसं परत बसली. कप्पी सुटून मी उतरले, तर आरोळी आली, "वन्स मोअर!" बाईंनी मला पुन्हा वर चढवलं. तेव्हा त्यांचा असा राग आला होता म्हणून सांगू!

पुढे पारनेरपर्यंत प्रयोग झाले. बायका विचारायच्या, "ती भिनारी कवा उडनार?"

मागच्या वर्षी नगरच्या दवाखान्यात बाईंना ऑपरेशनला नेत होते. त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. "मला खाली घे, पोरी. घरी चल."

भीती मलाही वाटत होती. तरी मी गायले, "मी खाली हाय, बाई, मी खाली हाय." त्यांनी बोट जरा वर केलं. माझा सूर उतरला होता. मी तो चढवला आणि दार लागलं.

बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. आजही भीती वाटली, की मी आधी खाली बघते.