अर्जातलं एक वाक्य

“सावधान!”

टोकियोत, तोयोसुतल्या सत्ताविसाव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलापाशी, कर्नलसाहेब एवढंच म्हणाले. आणि मी उठलो. उठलो कसला, उडालो. हातातला पुरीचा तुकडा ताटात पडला. टाचा जुळल्या, मुठी मांड्यांना चिकटल्या, छाती पुढं आली. पायात बूट नव्हते. नुसते मोजे. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

“बघ,” साहेब सुनेला म्हणाले, “सात वर्षं झाली याला फौजेतून काढून टाकून. पण अंगातलं ड्रिल जात नाही. या लोकांना काही शिकवायचं तर असंच शिकवावं लागतं.”

टेबलाभोवती आम्ही सहा जण. रिटायर्ड कर्नलसाहेब, पुण्याहून लेकाकडे तीन महिने राहायला आलेले. त्यांचा लेक, जो माझ्या बायकोचा मॅनेजर. त्याची बायको. मग माझी बायको सुजाता, आमची सहा वर्षांची मित्रा, आणि मी. मॅनेजर जरासा हसला. सुजातानं मान वर केली नाही. मित्रानं मात्र माझ्याकडे बघत विचारलं, “पापा, नानि शितेरु नो?” काय करतोयस तू? आम्ही मराठीत बोललो तरी तिचं उत्तर जपानीत येतं. मी तिला कुठल्याच भाषेत उत्तर दिलं नाही. सावधानमध्ये बोलायचं नसतं.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. भूकंपाची सूचना. मोठ्या भूकंपाला तीन वर्षं होऊन गेली होती, तरी धक्के यायचेच. वरचा दिवा झुलायला लागला. सुजातानं मित्राला टेबलाखाली ओढलं. साहेबांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं, चेहरा पांढरा. इमारत हलत होती आणि मी तसाच उभा. कारण ‘विश्राम’ कुणी म्हटलंच नव्हतं.

धक्का थांबला. साहेबांनी कपाळ पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बस, बस. जेव आता.”

मी बसलो. जेवलो. श्रीखंडाची दुसरी वाटीही घेतली. आज सगळ्यात जास्त राग त्या दुसऱ्या वाटीचा येतो.

गेलो कशाला होतो तिथं? काम होतं माझं.

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. नऊ वर्षं. जखमी जवानाला खांद्यावर घेऊन बर्फातून खाली आणायचं, पट्टी करायची, सुई द्यायची. आठव्या वर्षी स्ट्रेचर उचलताना घसरलो आणि कंबर गेली. आमच्या डॉक्टर कॅप्टननं दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी परत दिलं. सुट्टी नाही, खाली पाठवणं नाही, कारण माणसं कमी होती. इंजेक्शन घे, कामाला लाग. महिनाभरात कंबर बरी झाली. इंजेक्शन सुटलं नाही.

औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. कॅप्टनसाहेबही तेच इंजेक्शन घ्यायचे, हे मला माहीत होतं. मीच द्यायचो त्यांना, दंडात. ते कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायचे. मी त्यावर पेशंटची नावं घालायचो. दोघांचं भागायचं.

मी साधा नव्हतो. एक गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. पाय तुटलेला एक जवान आला होता. त्याच्या नावावर निघालेलं इंजेक्शन मी अर्धं त्याला दिलं आणि अर्धं स्वतः घेतलं. तो दिवसभर विव्हळत होता. “भैया, असर नहीं हो रहा,” म्हणत होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, “होगा, होगा.” मला मस्त वाटत होतं तेव्हा.

मग एकदा तपासणी आली. रजिस्टर आणि कपाट जुळेना. कॅप्टनसाहेब म्हणाले, माझ्या सह्या यानं चोरल्या. त्यांची बदली झाली. माझं कोर्टमार्शल झालं, एका सकाळीत आटोपलं. डिसमिस. कागदावर वर्तणुकीच्या रकान्यात एक शब्द: वाईट.

फौजेतून बाहेर पडायच्या दोन तऱ्हा आहेत. डिस्चार्ज झालेल्या माणसाला माजी सैनिक म्हणतात. डिसमिस झालेल्याला काहीच म्हणत नाहीत. नऊ वर्षं जणू तो कुठं नव्हताच.

गावी आलो. आमच्या घराच्या मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन ते व्यसन सोडलं. पंधरा दिवस ओकलो, थरथरलो, भिंतीवर डोकं आपटलं. वडील दाराबाहेर बसून होते. एकदाही ‘का’ म्हणून विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले.

भूकंपानंतर सुजाताच्या कंपनीतले बरेच लोक टोकियो सोडून गेले आणि परत आलेच नाहीत. त्या रिकाम्या जागांवर तिला पाठवलं. तिच्या मागून मी आणि मित्रा. ओजिमातल्या सरकारी चाळीत, म्हणजे दान्चीत, दोन खोल्या मिळाल्या. बायकोच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं. मी म्हाताऱ्यांच्या निवासात लागलो. अंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं, लंगोट बदलायचे. हातांना अजून सवय होती. तिथल्या मुख्य बाई साकामोतो-सान एकदा माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे तुम्ही कुठं शिकलात? मी म्हटलं, फौजेत. त्या म्हणाल्या, मग कायमची नोकरी देऊ शकते, आधीच्या नोकरीचा दाखला आणा.

दाखला. त्यात नोकरी सोडण्याचं कारण लिहिलेलं असतं.

म्हणून अर्ज करायचा ठरवला. डिसमिसचं डिस्चार्ज करून द्या, असा. सुजातानं ऑफिसात मॅनेजरकडे शब्द टाकला. मॅनेजर म्हणाला, “अगं, बाबा आलेत ना, त्यांच्या बॅचचा माणूस आज फौजेत वर बसलाय. जेवायलाच या.”

असं ते जेवण.

पंधरा दिवसांनी साहेबांनी परत बोलावलं. या वेळी जेवायला नाही. सुजाता माझ्याबरोबर आली, मित्राला शेजाऱ्यांकडे ठेवून. साहेबांनी अर्ज टाइप करून ठेवला होता. जेवणाच्या दिवशी मी दिलेला कच्चा मसुदा बाजूला पडलेला. नवा अर्ज सुंदर इंग्रजीत, एका पानाचा.

मी वाचला. कॅप्टनचं नाव नव्हतं. पाय तुटलेला जवानही नव्हता. कमरेची दुखापत एका ओळीत. आणि चौथं वाक्य असं होतं, मराठीत सांगतो: अर्जदार ज्या सामाजिक पार्श्वभूमीतून आला आहे तिथे व्यसन सर्रास असून, घरी योग्य संस्कार न मिळाल्याने त्याच्याकडून ही चूक घडली, याचा सहानुभूतीने विचार व्हावा.

मी ते वाक्य तीनदा वाचलं.

“साहेब, हे कशाला?”

“तेच तर महत्त्वाचं. दया मागायची तर कारण द्यावं लागतं.”

“माझे वडील दारू पीत नव्हते.”

“अरे, तुझे नसतील. पण तुमच्यात एकंदरीत... हे बघ, मी वाईट अर्थानं म्हणत नाहीये. उलट तुझ्या फायद्याचं आहे.”

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. संध्याकाळी हातावरचं ग्रीस रॉकेलनं धुवायचे, पांढरा सदरा घालायचे आणि विहारात जाऊन वस्तीतल्या पोरांना शिकवायचे. गणित आणि इंग्रजी. चहासुद्धा दिवसातून एकदाच प्यायचे. मला फौजेत सोडायला आले तेव्हा स्टेशनवर एवढंच म्हणाले, “कुणाचं काही उचलू नको.”

मी उचललं. ते माझं. पण त्या माणसाला मी या कागदावर दारुड्यांच्या रांगेत उभं करायचं?

“साहेब, नशा मला फौजेत लागली,” मी म्हटलं. “फौजेच्या सुईनं. घरी तर मी ती सोडली.”

“असं लिहिलंस तर फाइल उघडणारसुद्धा नाहीत.”

“आणि कॅप्टनसाहेबांचं नाव?”

साहेबांनी चष्मा काढला. “ऑफिसरचं नाव घेऊन आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. तो आज मोठ्या हॉस्पिटलात आहे. बायकामुलं आहेत त्याला. तू सही कर, बाकी मी बघतो.”

त्यांनी पेन पुढं केलं. मी घेतलं. सुजाता माझ्या हाताकडे बघत होती. मला आठवतं, पेन जड होतं. चांगल्यातलं असावं.

मी ते टोपण लावून टेबलावर ठेवलं.

“सही करत नाही.”

फौजेत नऊ वर्षं आणि बाहेर सात. ऑफिसरला ‘नाही’ मी पहिल्यांदा म्हटलं. आवाज बारीक निघाला. म्हणून परत म्हटलं. “नाही करत, साहेब.”

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. “मग बस आयुष्यभर म्हाताऱ्यांची ढुंगणं धूत!”

“धुतो, साहेब. ते काम मला येतं.”

बसमध्ये सुजातानं खिडकीपाशी जागा धरली. मग म्हणाली, “एक वाक्य होतं. एकच.”

“तुझ्या बापाबद्दल असतं तर?”

“माझा बाप पीत होता,” ती म्हणाली. “तुला माहीत आहे. मारायचा आईला. म्हणून सांगते, वाक्यानं कुणाला काही होत नाही. आता उद्या ऑफिसात त्या माणसासमोर मला बसायचंय.”

तिचं चूक नव्हतं. तिच्या बापाचं खरं होतं आणि माझ्या बापाचंही खरं होतं, आणि साहेबांच्या वाक्यात ते दोघं बाप एकच होते. हे मला तेव्हा सांगता आलं नाही. नंतर सांगितलं, पण तोवर तिला तिच्या प्रोजेक्टवरून काढून दुसऱ्यावर टाकलं होतं. कारण कुणी दिलं नाही. तिनं मागितलं नाही.

मी माझा अर्ज स्वतः लिहिला. वॉर्डच्या वाचनालयात बसून, डिक्शनरी घेऊन. मोडकं इंग्रजी. कॅप्टनचं नाव लिहिलं, चिठ्ठ्यांचं लिहिलं, मी काय घेतलं तेही लिहिलं. जवानाचं लिहायला बसलो तेव्हा हात थांबला. ते सोडून दिलं. अर्ज पोस्टानं पाठवला.

उत्तर यायला अकरा महिने लागले. दोन ओळी. अर्जात कोणताही नवीन मुद्दा आढळत नाही, सबब फेटाळण्यात येत आहे. खाली सही. कुणाची, ते वाचता येत नव्हतं.

साकामोतो-सान दाखल्याबद्दल मधूनमधून विचारायच्या. किती दिवस ‘येतोय’ म्हणणार? मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. औषध चोरलं, स्वतः घेतलं, काढून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. “सो देसु का,” म्हणाल्या. असं का. कमरेत वाकून आभारही मानले, खरं सांगितल्याबद्दल. पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात माझ्या नावापुढं सगळी घरं रिकामी होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात नावच नव्हतं. या देशात नशेला माफी नाही, हे मला माहीत होतं. औषधाचं कपाट असलेल्या जागी मला कुणी का ठेवावं? मी भांडलो नाही. ज्या आजीला मी रोज भरवायचो, तिचा निरोपही घेता आला नाही.

आता जेवणाचे डबे भरायच्या फॅक्टरीत उभा असतो. पट्ट्यावरून डबे येतात, मी प्रत्येकात एक तुकडा मासा ठेवतो. कंबर दुखते. गोळी घेत नाही, साधी डोकेदुखीचीही नाही. सुजाता माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा मित्राला शाळेत विचारलं, तुझे वडील काय करतात? तिनं सांगितलं, आई काम करते.

पुण्यातल्या एका वकिलाला फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “मुदत कधीच गेली हो. लष्करी न्यायाधिकरणात जाता येईल, पण जिंकायचा चान्स शून्य. उगाच कशाला?”

मी विचारलं, “फेटाळताना निकालात काय लिहितात?”

“तुमचं म्हणणं लिहितात थोडक्यात, मग फेटाळतात. पद्धत आहे ती.”

मला तेवढंच हवं होतं.

मी जाणार आहे. माझी केस मी स्वतः मांडणार. कमरेपासून सुरुवात करीन. कोऱ्या चिठ्ठ्यांवरची सही कुणाची, ते नावानिशी सांगीन. आणि गेल्या खेपेला जे गाळलं तेही या वेळी सांगीन. पाय तुटलेला जवान, त्याचा नंबर, अर्धं इंजेक्शन. मला डिस्चार्ज मिळणार नाही. त्या कागदावर ‘वाईट’ हा शब्द मी मरेपर्यंत राहील. मला कुणी माजी सैनिक म्हणणार नाही. पण माझं म्हणणं फेटाळायला त्यांना ते आधी लिहावं लागेल. शिक्का मारावा लागेल. त्यात माझा गुन्हा असेल, त्यांचाही असेल, आणि पार्श्वभूमी हा शब्द नसेल.