दशमीला बामाचा वास

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आईबाबांच्या संघटनेच्या पत्रकांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे कुठेही नियम दिसला की तो मोठ्यानं वाचून दाखवायची मला खोड आहे. अमेरिकेतल्या रेनिअर पर्वताभोवती पायी वळसा घालायला आम्ही तिघी निघालो, तेव्हाही मी बजावलं होतं: वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री डब्यात, अस्वलाला उघडता येणार नाही अशा. साबणसुद्धा.

तिघी म्हणजे मी, रेडमंडला नोकरी करणारी माझी मैत्रीण आणि नागपूरहून तिच्याकडे आलेली तिची आई. वळसा काकूंच्या हट्टामुळे ठरला होता. आभाळ मोकळं असलं की लेकीच्या खिडकीतून त्यांना तो बर्फाचा डोंगर दिसायचा. "नुसता बघून परत जाऊ होय?" म्हणाल्या.

सप्टेंबर होता. हकलबेरीची झुडपं लाल झाली होती, हिमनद्यांखालून राखाडी पाणी धावत होतं. काकू मागे पडायच्या, पण कुरकुर नाही. मग एका सकाळी न्याहारीच्या दशमीला बामाचा वास आला.

मैत्रिणीनं डबा उपसला. तळाशी बामाची बाटली, जवळजवळ रिकामी. काकू गुडघ्याला चोरून चोळत होत्या आणि माझा नियम पाळून बाटली डब्यात ठेवत होत्या.

"आई, बस्स! पुढे रस्ता लागतो, तिथून गाडीनं जायचं. ट्रेक कॅन्सल."

मी भडकले. "गुडघा काकूंचा आहे. त्या ठरवतील."

"मी मुलगी आहे तिची!"

"मुलगी आहेस, मालकीण नाहीस."

"भाषण नको यार. ती पडली तर तुझी पत्रकं उचलणार आहेत का तिला?"

काकू शांतपणे दशमी खात होत्या. "झाली तुमची मीटिंग? माझं ओझं दोघींत वाटून घ्या. रस्त्यापर्यंत येते, मग सांगते."

रस्त्याशी पोचल्यावर त्या एका ओंडक्यावर टेकल्या. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, मग डोंगराकडे बघितलं.

"मी गाडीनं जाते."

"काकू, तिचं ऐकू नका!"

"तिचं कुठे ऐकलं? गुडघ्याचं ऐकलं. मीच ठरवायचं म्हणालीस ना? मग तोंड कशाला पाडतेस?"

तिथे कॉफी करत बसलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याशी त्या आपल्या इंग्रजीत बोलल्या आणि आम्ही जिथून निघालो होतो तिथल्या लॉजपर्यंत लिफ्ट मिळवली.

पुढची वाट आम्ही दोघीच चाललो. अगदी शेवटच्या उतारावर, झाडांमधून, खालून कुणीतरी काठी टेकत वर येताना दिसलं. काकू.

"आई! आराम करायचा होता ना?"

"केला की. मधलं राहिलं ते राहिलं. शेवट कशाला सोडू?"

मैत्रिणीनं हात पुढे केला. "हात नको, पाणी दे," म्हणत काकू वळल्या आणि पुढे चालू लागल्या. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिनं हळूच माझ्या पाठीवरचं ओझं नीट केलं. मग आम्ही दोघी काकूंच्या मागे, त्यांच्याच चालीनं उतरलो.