कुमुदताईंची एक थाप

"हे तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही," शाळेच्या सभागृहात माइक हातात येताच पेठकरआबा ऐटीत सांगतात. "आज दुपारी कुमुदताई मला भेटून गेल्या."

"हीच थाप," मागून एक पोरगा ओरडतो.

"स्वप्नात रे. स्वप्नात कोणीही येतं. बस खाली."

कुमुदताईंना जाऊन वर्ष झालं. टेबलावर त्यांच्या फोटोला हार आहे. तरुणपणी त्या फुग्यांना यंत्रं बांधून आभाळात सोडायच्या आणि अंतराळातून येणारे किरण मोजायच्या. मग कॉलेजात शिकवलं, रेडिओवर बोलल्या, शेवटी जीप काढून गावोगावच्या शाळा पालथ्या घातल्या. आबा त्यांचे रेडिओवरचे ध्वनिमुद्रक, पुढे जीपचे सारथी. ताईंचा रिवाज पोरांनाही ठाऊक: भाषणात विज्ञानाची एक थाप घालायची, ती कोणी मोठ्याने पकडली की भाषण तिथल्या तिथे खलास. आज ताईंच्या जागी आबा. थाप कोणी पकडली नाही, तर रिवाजही ताईंबरोबर गेला म्हणायचा.

तर दुपारी जेवण झालंय, पंखा कुरकुरतोय, आबांचे डोळे मिटू मिटू होताहेत. तोच पंख्याच्या जागी स्टुडिओतला लाल दिवा लागतो. काचेपलीकडे ताई. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"पेठकर, आवाज येतोय का?"

"येतोय. पण ताई, तुम्ही तर..."

"ते राहू द्या. संध्याकाळची थाप ठरली?"

"मला काय तोटा? ढीगभर आहेत."

"तेच तर. तुमच्या थापांना लोक पोट धरून हसतात आणि पकडायचं विसरतात. पोरांच्या हाताला लागेल अशी हवी."

"मग तुम्हीच द्या एक."

"इतकी वर्षं बरोबर फिरलात, अजून आयतं मागता? धरा दोरी."

काच नाही आता. पायाखाली माळरान, गवतात स्टुडिओचं टेबल, त्यावर दोन कप चहा वाफाळतोय. ताईंच्या हातात घराएवढा फुगा. आबा दोरी धरतात आणि फुग्यासकट सुटतात.

"चहा पिऊन तरी जायचंत," खालून ताई हसताहेत.

फुगा वर जातो तसा आक्रसत जातो. आधी खोलीएवढा, मग घागरीएवढा, ढगांच्या वर पोचेतो लिंबाएवढा. आता लिंबाने आबांना काय पेलायचं? आबा सुटतात ते थेट आपल्या खाटेवर.

"जाग येते, मूठ उघडतो, तर हे." आबा मूठ उघडतात. तळहातावर फुग्याचं सुरकुतलेलं पांढरं रबर.

सभागृह पोट धरून हसतंय. पकडत कोणीच नाही. आबा घाम पुसतात, फोटोकडे बघतात.

"ढगांच्या वर," ते पुन्हा म्हणतात, जरा सावकाश. "लिंबाएवढा."

दुसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी तोंडातली चिंच गालात सरकवून उभी राहते.

"आबा, थाप. वर हवा विरळ असते, तिथे फुगा आक्रसेल कसा? उलट आणखी फुगेल."