कस्तुरीताईंचे तीस सेकंद

सांगलीच्या कस्तुरी मगदूम यांना लहानपणापासून दिवेलागणीनंतर दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही. दिवसा त्या फोटो स्टुडिओ चालवतात. लग्नात हळद आणि अक्षता त्या घ्यायच्या, रात्रीची वरात दुसऱ्या फोटोग्राफरला द्यायच्या. कारण कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

चंद्र पुसटसा दिसायचा, तारे कधीच नाहीत. गच्चीवर नवरा बाहुबली म्हणायचा, "किती तारं निघाल्यात बघ." त्यांना रात्री कमी दिसतं एवढंच त्याला ठाऊक होतं; त्या "व्हय" म्हणायच्या. असं एकोणीस वर्षं चाललं. मग एकदा त्यांनी विचारलं, "आवं, तारं खरंच एवढं असत्यात, का लोक उगं म्हणत्यात?"

बाहुबलीनं वर बघितलं. "असत्यात. मोजलं न्हाईत कवा."

त्यांनी कॅमेऱ्यावर तपासायचं ठरवलं. गच्चीवर तीस सेकंद शटर उघडं ठेवलं, तर शहराच्या दिव्यांनी आकाश नारिंगी आलं. बाहुबलीच्या ओळखीचे अर्जुना नावाचे निवृत्त फौजी माण तालुक्यात राहत. ते फोनवर म्हणाले, "आमच्या माळावर या. अंधाराबिगर तिथं काय न्हाई."

मार्गशीर्षातली अमावास्या ठरली. अमावास्येला कोणी घराबाहेर पडतं का, असं सासूबाई म्हणाल्या. चंद्र असला की तारे फिके येतात, असं कस्तुरीताईंनी सांगितलं. सासूबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी दशम्या बांधून दिल्या. सूर्यास्तानंतर जेवायची घरात रीत नसल्यानं दोघांनी त्या दिवस मावळायच्या आत माळावर बसून खाल्ल्या. उजेड होता तोवर कस्तुरीताईंनी लांबच्या डोंगरावर फोकस धरला आणि लेन्सचं कडं अंधारात हलू नये म्हणून त्याला चिकटपट्टी लावली.

मग पूर्ण अंधार झाला. अर्जुना टॉर्च लावणार होते, कस्तुरीताईंनी नको म्हटलं. बाहुबली दोनदा दगडाला ठेचकाळला, तिसऱ्यांदा ट्रायपॉडवर जाणार होता. कस्तुरीताईंचं काही अडलं नाही. चाचपत कामं करायची त्यांना सवय होती. त्यांनी नवऱ्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"हलू नगा."

शटर उघडलं, बंद झालं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो आला. तो त्यांनी बराच वेळ बघितला.

"स्क्रीनवर धूळ बसलीया," त्या म्हणाल्या.

बाहुबली स्क्रीनवर वाकला, मग वर बघितलं. "धूळ न्हाई. तारंच हायती."

"एवढं?"

"मलाबी एवढं दिसंनात. तुझ्या फोटोत जास्त हायती."

कस्तुरीताईंनी पदरानं नाक पुसलं, थंडी होतीच. नंतर त्यांनी आणखी एकशेचाळीस फोटो काढले. अर्जुना घोंगडं पांघरून झोपून गेले.

आता ढग नसतील त्या प्रत्येक अमावास्येला दोघं माळावर जातात. गेल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाची नजरही आता कडेकडेनं कमी होत जाईल.

"किती वर्षं हायत?" त्यांनी विचारलं.

नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कस्तुरीताईंनी मान हलवली आणि घरी येताना कॅमेऱ्याची आणखी एक बॅटरी घेतली. थंडीत एक बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नव्हती.