शेषेरावांची दहावी पायली

नांदेडच्या धान्यबाजारात, नव्या मोंढ्यात, तीस वर्षं मापाडी म्हणून काढलेल्या शेषेरावांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या मापावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. घरी बसल्यावरही ते भाजीवाल्याच्या काट्याकडे असे रोखून बघत, की तो बिचारा दोन वांगी जास्तीची टाकून मोकळा होई.

सून देविका पुढच्या खोलीत मुलांना कॉम्प्युटर शिकवी. पडद्यावर ठोकळ्याला ठोकळा जोडायचा आणि खेळ तयार करायचा. नांदेडात जिकडे पाहावं तिकडे डॉक्टर-इंजिनिअर करून देणाऱ्या क्लासच्या पाट्या; हिच्याकडे मुलं पाच आणि सहावे सासरे. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलेले सासरे वहीला कव्हर घालून येऊ लागले, तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी सगळ्यांचे खेळ बघायला लोक येणार होते. शेषेरावांचा खेळ साधा होता. टिचकी मारली की पडद्यावरचा मापाडी पायलीभर ज्वारी पोत्यात टाकायचा आणि दहा पायल्या झाल्या की पोतं शिवलं जायचं. पण दहा टिचक्या झाल्या तरी पोतं उघडंच. अकराव्या टिचकीला शिवलं जाई. शेषेरावांचं माप चुकत होतं! आणि रविवारी मोंढ्यातला शिवप्पा हमालही येणार होता, जो आयुष्यभर त्यांचं माप चुकण्याची वाट बघत होता. तीन दिवस शेषेरावांना जेवण गोड लागेना.

शेवटी शनिवारी देविका शेजारी बसली. "मामा, मोजणीचा आकडा ज्या डब्यात ठेवलाय, तो डबा तुम्ही लपवलाय. त्याच्यापुढे खूण करा, आतलं पडद्यावर दिसेल."

"मापाड्यानं आकडा बोलायचा असतो, दाखवायचा न्हाई," ते कुरकुरले. पण खूण केली.

कोपऱ्यात एक चौकट उमटली. पहिली टिचकी मारली. चौकटीत आलं 'लाभ'. दुसरी मारली, आलं '१'.

देविकाला हसू आवरेना. धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. सासऱ्यांनी इमानेइतबारे डब्यातही लाभच घातला होता.

"डब्यात अक्षरं असली की बेरीज करताना हा ती शून्य धरतो, मामा."

"लाभ म्हंजे सिफर?" शेषेराव खुर्चीतून उठलेच. "असल्या मशिनीला मोंढ्यात कुणी दारात उभं करनार न्हाई!"

"तिथं एक घाला, झालं."

"घालनार न्हाई."

आणखी थट्टा करावी म्हणून देविकानं मान वळवली आणि त्यांचा चेहरा पाहून खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"भूकंपाच्या साली ज्वारीचा ट्रक घिऊन गेलतो किल्लारीकडं," शेषेराव म्हणाले. "रांग लई मोठी. घाईघाईत एका म्हातारीच्या पदरात पायली टाकली अन् तोंडातून गेलं, एक. नागम्मा नाव तिचं. तिनं मनगट धरलं माझं. म्हनली, लाभ म्हन की रे लेकरा. एक तर मीच उरलीया घरात."

देविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं तिनं ठोकळे हलवले. डब्यात एक ठेवला आणि पडद्यावरच्या मापाड्याच्या तोंडी, पहिल्या पायलीला, लाभ. दहाव्या टिचकीला पोतं शिवलं गेलं. शेषेरावांनी तीनदा मापून पाहिलं. मग त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं.

"आत एकच ऱ्हानार?"

"आत एकच, मामा. त्याशिवाय माप जुळत नाही."

"मग झाकून टाक."

तिनं खूण काढली.

रविवारी शिवप्पानं स्वतः टिचक्या मारल्या, मोठ्यानं मोजत, लाभ, दोन, तीन. दहाव्या पायलीला पोतं शिवलं गेलं तेव्हा तो चांगलाच हिरमुसला. एरवी शेषेरावांनी त्याला महिनाभर सोडलं नसतं. पण ते पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होते, जिथं काल तो एकटा १ होता.